विहिरीवरची बाई

पंडिता रमाबाईंचा विषय निघाला की लोक लगेच धर्मांतरावर येतात. कोणी बाजूने, कोणी विरुद्ध. मला मात्र त्याच्या थोडं आधीची एक जागा जास्त महत्त्वाची वाटते. लंडनमधलं फुलहॅम.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या मठात राहिल्या. तिथल्या सिस्टर्सनी त्यांना फुलहॅमची आपली शाखा पाहायला पाठवलं. समाजाने 'पतित' ठरवलेल्या बायकांना तिथे आसरा होता, माया होती. पुराणं मुखोद्गत असलेल्या रमाबाईंना हे अगदी नवं होतं. हे कशामुळे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली.

गोष्ट साधी आहे. पाच नवरे होऊन गेलेली, आता सहाव्याजवळ राहणारी बाई भर दुपारी पाण्याला येते. दमलेला येशू विहिरीशी बसलाय. यहुदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. तो तिला आधी उपदेश करत नाही, चक्क प्यायला पाणी मागतो! दया दाखवणारा वर उभा असतो. हा तर तिच्यापुढे हात पसरतो. आपल्याकडे १९२७ साली महाडला पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. तेव्हा या मागण्याचा अर्थ मराठी माणसाला वेगळा सांगायला नको.

त्याच सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

आपल्या परंपरेत ही नजर नव्हतीच, असं मात्र मला म्हणवत नाही. गणिकेची मुलगी कान्होपात्रा संतांमध्ये गणली गेली, पंढरपूरच्या देवळात तिचं झाड दाखवतात. पण कथेप्रमाणे तिलाही विठ्ठलाच्या पायाशी प्राणच सोडावा लागला. राहायला घर कोणी दिलं?

रमाबाईंनी ते दिलं. (चर्चपुढेही त्या निमूट मान तुकवणाऱ्या नव्हत्या. इंग्लंडमध्ये पुरुषांना शिकवण्यावर बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी चांगला वाद घातला.) तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावलेल्या या बाईने १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली-बायका आणल्या. केडगावला 'मुक्ती' उभं राहिलं, आणि फुलहॅममध्ये पाहिलं होतं तशा बायकांसाठी 'कृपा सदन'.

तिथल्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवत. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल त्यांनीच छापलं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, तोवर भाषांतराचं काम पुरं झालं होतं. योहानाचा चौथा अध्याय त्यात आहेच.