पाण्याखालची वाट, पाण्यावरची वाट

आम्ही गोदाकाठची माणसे. आमच्या जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीनेच आखून दिली आहे. शहागडच्या बाजूला पूल झाला नव्हता त्या काळी ‘पलीकडे जाणे’ या दोन शब्दांत एक अख्खा दिवस मावत असे. नाव समोरच्या तीराला लागलेली असली म्हणजे हाका मारून घसा बसायचा, आणि नावाडी जेवायला गेलेला असला तर सूर्य कलेपर्यंत चिंचेखाली बसून राहायचे. नाव नसली तर गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडणारी माणसेही आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेली होती.

नदी ओलांडता न येणे ही किती महागाची गोष्ट होऊ शकते, याचा दाखला शहागडपासून फार दूर नसलेल्या राक्षसभुवनाने देऊन ठेवला आहे. १७६३ च्या ऑगस्टात निजामअली औरंगाबादेकडे परतत होता. स्वतः तो गोदावरी उतरून गेला; पण दिवाण विठ्ठल सुंदर आणि त्याच्याबरोबरची फौज दक्षिण तीरावर मागे राहिली. नदीला पूर आलेला. १० ऑगस्टला मराठ्यांनी त्या फौजेला गाठले. त्या वेळी थोरल्या माधवरावांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. विठ्ठल सुंदर पडला, फौजेची वाताहत झाली, आणि पलीकडच्या तीरावरच्या निजामाला आपल्या माणसांसाठी काहीही करता आले नाही. पराक्रम मराठ्यांचा खरा. पण त्या दिवशी गोदावरीही त्यांच्या बाजूने उभी होती, हे आम्ही काठावरचे लोक थोड्या अभिमानाने सांगतो.

नदीने माणसांची ताटातूट करावी यात नवल नाही. ती मुळापासूनच तिथे आहे आणि गावे तिला ओळखून वसली आहेत. पण जिथे काल बैलगाडीची वाट होती तिथे आज शंभर हात पाणी उभे राहिले, तर त्या ताटातुटीचा हिशेब कोणाच्या नावे लिहायचा? हा प्रश्न मला पडला त्याचे कारण घरचेच आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी बसवली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केले. त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी आमच्या भागात आले, ज्वारी-कपाशीच्या रानात ऊस उभा राहिला, पुढे जालना शहराच्या नळालाही त्याच जलाशयाचे पाणी लागले. शंभरावर गावे नाथसागराखाली गेली, हे आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. ऐकत होतो आणि उसाला पाणी देत होतो.

तेव्हा सातारा जिल्ह्यात कोयनेच्या तळ्यावर मोटारी तराफ्यावर चढवून पलीकडे नेतात असे कळले, तेव्हा मौज म्हणून थोडी आणि त्या जुन्या प्रश्नापायी थोडी, अशी मी तिकडची वाट धरली. शिवाय कोयनेचे देणे मराठवाड्यालाही लागतेच. १९६२ साली तिथे वीज तयार होऊ लागली. आज त्या प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट आहे, आणि महाराष्ट्रात दिवाळीला ज्या माळा लुकलुकतात त्यांतल्या काहींचा उजेड त्या डोंगरातून आलेला असतो.

महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना लगेच पूर्वेला न जाता दक्षिणेला वळते. तिच्या पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार, पूर्वेला बामणोलीचा डोंगर; या दोहोंमधल्या चिंचोळ्या खोऱ्यातून ती हेळवाकपर्यंत जाते, आणि तिथून पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. हीच ती जावळी. शिवाजीमहाराजांनी १६५६ मध्ये मोऱ्यांकडून ती घेतली, कारण घाटवाटांच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या. खोऱ्याच्या पश्चिम अंगाला वासोटा आहे. १८१८ च्या एप्रिलात इंग्रजांनी तोफा डागून तो घेतला. जंगल, चढ आणि पाऊस यांमुळे तिथे बाहेरच्याला शिरणे कठीण होते. आतल्यांना मात्र वाटा ठाऊक होत्या: गावागावांतून नदीकाठाने जाणारी वाट, उतारावरची भातखाचरे, पायउतार होण्याच्या जागा.

१९५४ मध्ये धरणाचे काम सुरू झाले आणि पुढच्या दहा वर्षांत त्या वाटा बुडाल्या. १०३ मीटर उंचीच्या भिंतीने अडवलेले पाणी सुमारे ५० किलोमीटर मागे पसरले. त्या तळ्याला शिवसागर असे देखणे नाव मिळाले. त्याचा विस्तार ११५ चौरस किलोमीटर. खोऱ्यातली माणसे ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत विखुरली. महाराष्ट्रात धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ साली. म्हणजे कोयनेची माणसे कायदा जन्माला येण्यापूर्वीच उठवली गेली होती. त्यांतल्या कित्येकांच्या मुलानातवंडांना जमिनीसाठी आजही मोर्चे काढावे लागतात. त्यातून सावरण्याआधीच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप आला.

पण मला सांगायचे आहे ते जे उठले नाहीत त्यांच्याविषयी. पाण्याच्या रेघेच्या वर ज्यांची घरे राहिली, त्यांना सरकारी कागदात फारसे काही गमावल्याची नोंद नव्हती. त्यांचा बाजार, त्यांचा दवाखाना, लेकीचे सासर मात्र पलीकडे राहिले. पलीकडे जायचे तर डोंगराला मोठा वळसा, नाहीतर पाणी. म्हणून तापोळा आणि बामणोली येथून लाँच सुरू झाल्या आणि पुढे वाहनांसाठी तराफा आला.

तापोळ्याला आम्ही पोहोचलो तेव्हा तराफा पलीकडे होता. (हे आम्हा गोदाकाठच्यांना नवे नव्हते.) सपाट लोखंडी अंग, दोन्ही टोकांना काठावर टेकवायच्या झडपा, एका बाजूला इंजिन, नौका म्हणण्यापेक्षा पाण्यावर तरंगणारे अंगण म्हणावे असा त्याचा थाट. आधी माणसे उतरली, मग दुचाक्या, मग एक जीप. आमच्या भाच्याला गाडी उलटी चढवायला लावली, तेव्हा त्याला घाम फुटला. तराफ्यावरचा पोरगा शांतपणे म्हणाला, “दादा, गेअरमधी ठिवा आन् ब्रेक वढा. पावनं घाबरलं की गाडी बी घाबरती.” जड गाड्या मधोमध, दुचाक्या कडेला, दोन शेळ्या आणि सिमेंटची पोती उरलेल्या जागेत, अशी त्याने पाच मिनिटांत मांडणी केली. वजन एका अंगाला गेले तर काय होईल, हे त्याला कोणत्या पुस्तकाने शिकवले नव्हते.

समुद्राच्या फेरीबोटीला भरती-ओहोटीचे वेळापत्रक असते. इथली ओहोटी वर्षातून एकदाच येते आणि ती महिनोन् महिने चालते. पावसाळ्याच्या शेवटी तळे तुडुंब असते; वीज तयार करता करता आणि खालच्या शेतीला पाणी सोडता सोडता उन्हाळ्यापर्यंत ते कितीतरी खाली जाते. पाणी मागे सरकले की तराफ्याची टेकण्याची जागाही सरकते, आणि गाड्यांना चिखलातून नवी वाट करावी लागते. त्याच दिवसांत बुडालेल्या वस्त्यांची जोती उघडी पडतात. म्हातारी माणसे अशा वेळी आपले घर ओळखतात म्हणे, मधल्या पाण्यात मला एका आजींनी नुसते बोट दाखवून सांगितले, “माजं म्हायेर ततं हुतं.” तिथे त्या वेळी फक्त पाणी होते.

तराफा आहे तिथे निदान सोय आहे. खिरखंडी या जावळी तालुक्यातल्या वस्तीतल्या मुली शाळेला जाण्यासाठी स्वतः होडी वल्हवत हा जलाशय ओलांडतात, आणि मग रानातून चालत जातात, ही बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये स्वतःहून दखल घेतली. तळे भरून तोवर साठ वर्षे होत आली होती. आणि २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वाऱ्याने उलटून सहा जण गेले. तिथेही तीच कथा: धरणाने वाट घेतली आणि बदल्यात जे दिले ते वाऱ्याच्या भरवशावर सोडले.

परदेशात याचा विचार कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कोलंबिया नदीवर १९६८ मध्ये धरण पुरे झाले. ॲरो सरोवरांचे पाणी चढले आणि सुमारे दोन हजार माणसे विस्थापित झाली. त्यांच्यावर अन्याय झाला नाही असे कोणी म्हणणार नाही. पण त्या सरोवरावर माणसे आणि मोटारी नेणारी फेरी चालते ती फुकट. सरकारी नोंदीत ती महामार्गाचाच भाग आहे. डांबर संपते तिथे बोट सुरू होते, पलीकडे पुन्हा डांबर. रस्त्यावर चालायचे भाडे नाही, तर रस्ता बुडाला म्हणून बोटीचे भाडे का, इतका साधा तो हिशेब. मला तो फार पटला.

शिवसागरावर आता मोठे पूल बांधण्याचे काम हाती घेतले आहे. तराफ्यावर सगळ्यांच्या बोलण्यात तोच विषय होता. रात्री कोणी आजारी पडले तर उजाडण्याची वाट पाहावी लागणार नाही, म्हणून बाया खूश होत्या. मुंबईला कामाला असलेला एक जण म्हणत होता की दिवाळीला थेट दारात गाडी नेईन. गाडी गेअरमध्ये ठेवायला सांगणारा पोरगा इंजिनाकडे बघत गप्प होता. भाच्याने त्याला, पूल झाल्यावर तू काय करणार, असे विचारलेच. तो म्हणाला, “तवर तरी पाणी ह्ये.” मग झडप काठावर टेकली, आणि तो शेळ्या आधी उतरवायच्या म्हणून पुढे धावला.