खडकाची माती, मातीचा खडक

आजचा विषय आहे खडक कसा बदलतो. पण सुरुवात आपण एका शेतकऱ्यापासून करू.

जेम्स हटन हा स्कॉटलंडचा. शिक्षण वैद्यकाचं, पण १७५०च्या दशकात तो घरची जमीन कसायला गेला. तिथं त्याला एक प्रश्न छळू लागला. दर पावसात शेतातली माती ओढ्याला जाते, ओढा नदीला मिळतो, नदी समुद्राला. असंच चालत आलं असेल, तर जमीन आजवर शिल्लक कशी राहिली? त्याचं उत्तर त्यानं १७८५ साली एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. समुद्रतळाशी साचलेला गाळ पुन्हा दगड होतो आणि पृथ्वीच्या पोटातली उष्णता त्याला वर उचलते. म्हणजे खडकाची माती आणि मातीचा खडक, हे चक्रच आहे.

हे चक्र बघायला आपल्याला स्कॉटलंडला जायला नको. जालना जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या, न बांधलेल्या विहिरीत डोकावून बघा. वर काळी माती, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे. खाली मुरूम. मग मांजऱ्या आणि काळा पाषाण, ज्याला सुरुंगच लावावा लागतो. विहीर खोदणाऱ्यांना ही नावं तोंडपाठ असतात. मूळ मात्र एकच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून थरावर थर पसरलेला लाव्हा, म्हणजे आपला बेसाल्ट. मांजऱ्या हा थराचा बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला भाग. त्या भोकांत पुढे पाण्यातून झिओलाइटचे पांढरे स्फटिक भरले. मुरूम म्हणजे अर्धवट कुजलेला बेसाल्ट. पाणी आणि हवा लागून त्यातल्या खनिजांची चिकणमाती होते. सुटलेला चुना खाली साचतो, त्याचेच ते पांढरे खडे. हीच चिकणमाती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते.

काही ठिकाणी लाव्हाच्या दोन थरांमध्ये तांबडा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांमध्ये मोठा काळ गेला, तेव्हा थराचा पृष्ठभाग किंवा वर पडलेली राख कुजून माती झाली. मग नवा लाव्हा आला आणि त्यानं ती माती विटेसारखी भाजली. माणूस यायच्या कितीतरी आधीची ती माती आहे!

आता हटनचा प्रश्न आपल्या शेताला विचारू. जालन्याची कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून गाळाचा लांब नमुना काढण्यात आला. त्याचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. गेल्या सुमारे ४,००० वर्षांत दख्खनच्या बेसाल्टमधून आलेल्या गाळाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. संशोधकांनी त्याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी आणि वाढत्या शेतीशी जोडला. म्हणजे आपल्या पूर्वजांनी नांगर धरला, त्याची नोंद समुद्राच्या तळाशी झाली आहे.

तिथं गेलेल्या मातीचा कधीतरी दगड होईल, तो कधीतरी वर येईल. हटन बरोबरच होता. पण त्याचं चक्र कोट्यवधी वर्षांचं आहे आणि आपला हिशोब खरीप-रब्बीचा. मुरमाची बोटभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात, ती वाहून जायला उतारावर काही मोठे पाऊस पुरतात. म्हणून जालना तालुक्यातल्या कडवंचीसारख्या गावानं १९९०च्या दशकात पाणलोटाची कामं केली, बांध घातले, ते आम्हाला फार मोलाचं वाटतं. अशा कामाकडे आपण पाणी अडवणं म्हणून बघतो. तिथं मातीही अडते.

पुढच्या वेळी आपण शेजारच्या लोणारला जाऊ. तिथं हाच बेसाल्ट उल्केच्या आघातानं काही क्षणांत बदलला. तोवर गावाकडे गेलात, तर विहिरीत एकदा वाकून जरूर बघा.