चार विटांच्या जागी तीन

बांधकामात काटकसर म्हटली की पहिली शंका येते ती भेसळीची: सिमेंट कमी, वाळू जास्त! लॉरी बेकर यांची काटकसर मात्र भूमितीतून आली होती.

१९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मलेले हे वास्तुविशारद दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये वैद्यकीय पथकात होते. परतीच्या बोटीसाठी मुंबईत थांबले असता त्यांची गांधीजींशी भेट झाली. खेड्यातले घर पाच मैलांच्या परिसरातल्या सामानातून उभे राहावे, हा गांधीजींचा विचार बेकर पुढे आयुष्यभर सांगत राहिले. १९४५ साली ते कुष्ठरुग्णांच्या दवाखान्यांच्या कामासाठी भारतात आले आणि इथलेच झाले. पिथोरागढच्या डोंगरात सुमारे पंधरा वर्षे राहताना तिथल्या गवंड्यांकडून ते पुष्कळ शिकले.

तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राचे आवार त्यांनी १९७०च्या दशकात बांधले. तिथे त्यांनी उतार सपाट केला नाही आणि होता होईतो झाडेही राखली. त्यांच्या भिंतींची रचना वर्गात दाखवण्याजोगी आहे. इंग्रजीत तिला 'रॅट-ट्रॅप बाँड' म्हणतात. नेहमीच्या नऊ इंची भिंतीत विटा सपाट बसवतात. इथे त्या कडेवर उभ्या राहतात: दोन विटा समांतर, मध्ये तीन इंचांची पोकळी, मग एक वीट आडवी. वीट ९ × ४½ × ३ इंच धरली आणि सांध्यातला माल सोडून दिला, तर या तीन विटा १२ × ९ × ४½ इंच जागा व्यापतात. हेच घनफळ भरीव भिंतीत चार विटांचे! सातवीची मुले हे फळ्यावर करू शकतील. लाकडी ठोकळे असतील तर उत्तमच.

पोकळीतल्या हवेमुळे घर थंड राहते. विटेची माती भातखाचरांतून येते आणि भट्टीला सरपण लागते, म्हणून चौथी वीट वाचणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. अर्थात गवंडी हलगर्जी असला आणि पोकळीत माल सांडला, की निम्मा फायदा गेला.

खरी गोम पैशाच्या व्यवहारात आहे, असे आम्हांला वाटते. खर्चाच्या टक्क्यांवर मोबदला ठरतो तिथे वाचवण्यात कुणाला रस असणार? बेकर आराखडाही स्वतः करीत आणि आपल्या गवंड्यांसह बांधकामही स्वतःच पाहत. टाकाऊ कागदाच्या पाठीवर नकाशे काढीत ते जागेवरच उभे असत. १९८५ साली त्रिशूरला सुरू झालेल्या 'कॉस्टफोर्ड' संस्थेने ही पद्धत पुढे अनेक गवंड्यांना शिकवली.