लाहोर, मुंबई, पंचवटी

गायक पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर अर्थात बुवा यांनी १९२२ साली नाशिकच्या पंचवटीत रामनाम-आधार आश्रम काढला. त्यांच्या चरित्रात शेवटचा टप्पा म्हणून याचा ओझरता उल्लेख होतो आणि लोक पुढे सरकतात. माझ्या मते त्यांनी काढलेल्या गांधर्व महाविद्यालय या संगीतशाळेच्या वाटचालीत हा टप्पा फार मोलाचा आहे. या संस्थेत टिकाऊ काय होतं, हे नाशिकच्या काळातच कळलं.

बुवा मूळचे कुरुंदवाडचे, जन्म १८ ऑगस्ट १८७२चा. वडील कीर्तनकार. लहानपणी नरसोबाच्या वाडीला दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाने तोंड भाजलं आणि दृष्टी अधू झाली. शाळा सुटली, म्हणून मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं सुरू झालं. तिथे ग्वाल्हेर घराण्याची पक्की तालीम मिळाली. पण गवयाला समाजात किती मान असतो, तेही तिथेच उमगलं. एका समारंभाचं बोलावणं आपल्याला आलं आणि गुरूंना आलं नाही, हे बुवांच्या जिव्हारी लागलं, असं सांगतात. १८९६ साली मिरज सोडताना गाण्याला आणि गाणाऱ्याला प्रतिष्ठा मिळवून देण्याचा ध्यास त्यांच्या मनाने घेतला होता.

पुढचा प्रवास संस्थानांतून झाला, तरी बुवा कुठल्या दरबारात चाकरीला राहिले नाहीत. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. राजाची मर्जी सांभाळण्याऐवजी चार पैसे देऊन ऐकायला येणाऱ्या माणसासमोर गायचं, हा त्या काळी धाडसी निर्णय होता. गाणं श्रोत्यांच्या आधारावर उभं राहिलं, की ते शिकवणारी शाळाही लोकांच्याच आधाराने चालू शकते. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं ते याच हिमतीवर. तिथे ठरलेला अभ्यासक्रम होता, छापील पुस्तकं होती, बुवांनी बसवलेली स्वरलेखनाची पद्धत होती. संसारी घरातल्या मुलामुलींना राजरोस गाणं शिकता येऊ लागलं.

सगळ्यात दूरदृष्टीची गोष्ट म्हणजे उपदेशक वर्ग. निवडक मुलं बुवांच्या घरी राहत, जेवत, शिकत आणि पुढे गाणं शिकवण्यासाठी बाहेर पडण्याचं वचन देत. बुवा स्वतः मैफलीतून मिळवत आणि ते या मुलांवर खर्च करत.

१९०८ साली मुंबईत शाखा निघाली. सँडहर्स्ट रोडवर कर्ज काढून मोठी इमारत बांधली. व्याज वाढत गेलं आणि बुवांचे दौरेही त्याला पुरेनात. अखेर घेणेकऱ्यांनी ती इमारत लिलावात काढली. हा घाव लहान नव्हता. आयुष्यभराचं स्वप्न त्या वास्तूत होतं.

नाशिकात बुवांचं गाणं रामनामात मुरलं. तुलसीरामायण, भजन, प्रवचन असा दिनक्रम बसला. काही रसिकांना याची चुटपुट लागली. एवढा ख्यालिया भजनात हरवला, असं त्यांना वाटे. पण बुवा लोकांपासून दूर गेले नव्हते. १९२३च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये ते ‘वंदे मातरम्’ गायला उभे राहिले, तेव्हा अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गाण्याला हरकत घेतली. बुवांनी ती मानली नाही, गीत पुरं केलं. ‘रघुपति राघव’ची त्यांची चाल तर देशभर घरोघरी पोचली. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात होते, त्यांनीच आश्रम भजनावली सिद्ध केली आणि १९३०च्या दांडीयात्रेत ते चाललेही.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत बुवा गेले. मागे संपत्ती नव्हती. बारा अपत्यांपैकी वाचलेला एकटा दत्तात्रेय, १९२१ साली नाशिकला जन्मलेला, तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याचं शिक्षण बुवांच्याच शिष्यांनी, विशेषतः पुण्यात विनायकराव पटवर्धनांनी, पुरं केलं. चौदाव्या वर्षी तो जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात गायला. हेच ते डी. व्ही. पलुस्कर. १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले. ही हळहळ अजून ओसरत नाही.

शिष्यांनी संस्थाही अशीच सांभाळली. बुवांच्या निधनाच्याच वर्षी अहमदाबादला जमून त्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. शिष्य देवधरांची संगीतशाळा मुंबईत आधीच चालू होती. विनायकरावांनी १९३२ साली पुण्यात विद्यालय काढलं. दुसरे शिष्य ओंकारनाथ ठाकुर यांनी पुढे बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचं शिक्षण उभं केलं. दिल्लीचं गांधर्व महाविद्यालय १९३९चं. लिलावात इमारत गेली, उपदेशक वर्ग मात्र कुणाला विकत घेता आला नाही. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या मंडळाच्या परीक्षांना आज गावोगावची मुलं बसतात. त्यांत नाशिकची मुलंही असतात. त्यांच्या शिक्षकांनी त्यांना एकदा तरी पंचवटीत न्यावं आणि हा आश्रम कुणी, कशासाठी काढला, ते तिथेच उभं राहून सांगावं.