बीन नसलेली बीन : मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद, समूहस्वर आणि वीज

१/
महाराष्ट्रातील कोणत्याही वरातीत बँडवाल्यांनी एक विशिष्ट धून धरली, की कोणीतरी रुमालाचे टोक दातांत पकडून गारुडी होतो आणि दुसरा भर रस्त्यात लोळून नाग होतो. ही धून १९५४च्या ‘नागिन’ चित्रपटातील बीनेची. तिच्याविषयीची एक गोष्ट मात्र नाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते : त्या ध्वनिमुद्रणातील बीन ही बीन नव्हतीच. ते विजेवर चालणारे वाद्य होते.

२/
‘नागिन’चे संगीतकार हेमंतकुमार. त्यांच्या हाताखाली तेव्हा दोन तरुण काम करीत होते. एक रवी, त्यांच्याकडे हार्मोनियम. दुसरे कल्याणजी वीरजी शहा, त्यांच्याकडे ‘क्लॅव्हायोलिन’. पुढे दोघेही स्वतंत्र संगीतकार म्हणून नावारूपास आले. ‘नागिन’साठी फिल्मफेअर पुरस्कार हेमंतकुमारांना मिळाला. ज्या नादाने चित्रपट घरोघरी पोहोचला, तो नाद मात्र कल्याणजींच्या बोटांतून निघाला होता.

३/
क्लॅव्हायोलिन हे फ्रान्सच्या कोन्स्ताँ मार्तँ यांनी १९४७च्या सुमारास घडवलेले छोटेखानी वाद्य. त्यात निर्वात नळीच्या साहाय्याने विद्युतस्पंदने निर्माण होत आणि पट्टी दाबताच ती ध्वनिवर्धकातून स्वररूपाने बाहेर पडत. एका वेळी त्यातून एकच स्वर निघे. पाश्चात्त्य वादकाच्या दृष्टीने ही उणीव होती, कारण त्याला एकाच वेळी अनेक स्वरांचा मेळ हवा असे. भारतीय चालीला मात्र एकामागून एक येणारे स्वरच हवे होते. शिवाय गारुडी श्वास न तोडता बीन वाजवतो. विजेच्या वाद्याला श्वासच नसल्याने त्याचा सूरही तसाच अखंड राहतो. सोंग इतके बेमालूम वठले ते या साम्यामुळे.

४/
हेच वाद्य १९६२ साली इंग्लंडमधील ‘टेलस्टार’ या वाद्यधुनेत वाजले, आणि तो नाद अंतराळयुगाचा म्हणून जगभर गाजला. मुंबईत तो आठ वर्षे आधीच वारुळातून बाहेर आला होता. एकच यंत्र तिकडे भविष्याचे चिन्ह ठरले, इकडे पुराणकथेचे.

पण वीज हा या कथेतील सर्वांत धाकटा प्रवाह आहे. तिच्या आधी वाद्यवृंद आला आणि समूहस्वर आला. त्या दोहोंचा उगम पाहायचा, तर मांडवीच्या तीरावर जावे लागते.

५/
प्रथम अडचण समजून घेतली पाहिजे. भारतीय संगीत गुरुमुखातून चालत आले. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी आणि गायक ती कंठस्थ करी. परंतु डझनावारी व्हायोलिने, चेलो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि समूहगायक यांना एकाच क्षणी वेगवेगळे स्वर द्यायचे असतील, तर पाठांतर पुरत नाही. प्रत्येकासमोर लिहिलेला कागद लागतो. तो कागद लिहिणारा आणि तो पाहताक्षणी वाजवणारा, असे दोघेही लागतात. १९४०च्या दशकातील मुंबईत असे लोक मोठ्या संख्येने पुरवणारा एकच प्रदेश होता : पोर्तुगीज गोवा.

६/
गोव्यात चर्चला जोडून पॅरिश शाळा असत. त्यांची परंपरा सोळाव्या शतकापर्यंत मागे जाते. तेथील ‘मेस्त्री’ मुलांना प्रार्थनेसोबत सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखन, शिकवी. मूल कष्टकऱ्याचे असले तरी कागदावरचे स्वर वाचू शके, व्हायोलिन हाती धरू शके आणि गायकवृंदात आपला स्वतंत्र भाग सांभाळू शके. लेंटच्या उपासकाळात गायिल्या जाणाऱ्या मोतेतांत मानवी आवाज आणि तंतुवाद्ये शतकानुशतके एकत्र नांदली. मुंबईच्या चित्रपटांनी वापरलेली ही विद्या देवघरात वाढली होती.

७/
गोव्यात पोट भरेना, म्हणून ही माणसे मुंबईत आली. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव येथील ‘कूडां’मध्ये, म्हणजे गावकीच्या सामायिक बिऱ्हाडांत, ती राहिली. मूकपटांच्या काळात चित्रपटगृहांत, पुढे हॉटेलांत आणि नृत्यगृहांत त्यांनी वाजवले. १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईच्या रात्री ओसरू लागल्या, तसतसे नृत्यगृहांतील काम आटत गेले. नेमक्या त्याच काळात चित्रपटांचे वाद्यवृंद फुगत होते. जॅझ वाजवणारे हात स्टुडिओंकडे वळले.

८/
तेथे एक नवीनच हुद्दा आकारास आला : अरेंजर, म्हणजे संगीत-संयोजक. संगीतकार पेटीवर मुखडा आणि अंतरा ऐकवी. दोहोंमधली जागा कशाने भरायची, गायकाच्या मागे व्हायोलिने काय बोलतील, समूहस्वर कोठे उमलेल आणि कोठे विरेल, हे संयोजक रात्री बसून लिहून काढी. सकाळी प्रत्येक वादकाच्या स्टँडवर त्याच्यापुरता कागद लागे. मग सारा ताफा एकाच वेळी ध्वनिमुद्रित होई. शेवटच्या कडव्यात कोणाचा सूर चुकला, तर सगळे गाणे पहिल्यापासून.

९/
‘अलबेला’ (१९५१) आठवावा. नायक मास्टर भगवान, संगीतकार सी. रामचंद्र ऊर्फ पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. दोघेही मराठी. त्या संगीतातली पाश्चात्त्य धमक चिक चॉकलेट यांच्या हातची. त्यांचे खरे नाव आंतोनियो शावियेर वाझ, गाव हळदोणे. मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जाणारे हे ट्रम्पेटवादक ‘अलबेला’च्या पडद्यावर आपल्या ताफ्यासह दिसतातही. पडद्यावर चेहरा येण्याचे असे भाग्य त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांना लाभले नाही.

१०/
शंकर-जयकिशन यांचे संगीत म्हटले, की डोळ्यांसमोर व्हायोलिनांची लाट उभी राहते. ती लाट कागदावर उमटवणारे सेबॅस्टियन डिसोझा. सुमारे दोन दशके ते या जोडीचे संयोजक होते. गायकाची चाल एका वाटेने जात असताना तंतुवाद्यांनी तिला छेद न देता दुसऱ्या वाटेने सोबत करायची, ही त्यांची खासियत. दोन चाली एकाच वेळी ऐकण्याची सवय भारतीय कानाला लागली, तिचे मोठे श्रेय या लेखणीकडे जाते.

११/
समूहस्वराचे सामर्थ्य ‘आवारा’च्या (१९५१) स्वप्नदृश्यात पूर्णपणे प्रकटते. नायक नरकाच्या ज्वाळांत सापडलेला, भोवती समूहाचे आवाज, त्यातून मन्ना डे यांच्या आवाजातला आक्रोश, आणि पुढे लता मंगेशकरांच्या स्वराने उघडणारे स्वर्गाचे दार. येथे समूह हा गाण्याला दिलेला नुसता पाठिंबा राहत नाही. तो स्थळच होतो. कोठे आलो आहोत, हे प्रेक्षकाला डोळ्यांआधी कान सांगतात.

१२/
समूहस्वराची दुसरी परंपराही याच मुंबईत होती, आणि तिचे नाते भजनाच्या फडाशी होते. कोकणातून आलेल्या वसंत देसाई यांनी व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’साठी (१९५७) रचलेली प्रार्थना हे तिचे उत्तम उदाहरण. चर्चच्या परंपरेत प्रत्येक गट निराळा स्वर गातो आणि त्यांचा मेळ होतो. प्रार्थनेच्या परंपरेत सगळे एकच स्वर गातात, आणि बळ येते ते त्या एकपणातून. कैद्यांची माणसे होण्याची कथा सांगायला दुसरी रीतच योग्य होती. मुंबईच्या संगीताजवळ दोन्ही होत्या, हे तिचे वैभव.

१३/
हे सारे चित्रपटाच्या चौकटीबाहेर नेण्याचे स्वप्न एका गोवेकराने पाहिले. माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस १९४३ साली नौशाद यांच्या ताफ्यात व्हायोलिनवादक म्हणून दाखल झाले. प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन हे दोघेही त्यांचे शिष्य. १९५८ साली त्यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला आणि राग व सिम्फनी यांचा मेळ घालणाऱ्या स्वतःच्या रचना सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात सादर केल्या. गायक होते लता मंगेशकर आणि मन्ना डे. पुढे प्रयोग टिकला नाही. १९६५ साली ते अमेरिकेला गेले. परतल्यावर त्यांनी माजोर्ड्यात निवृत्त जीवन पत्करले.

१४/
आता मूळ प्रश्न. या माणसांची नावे पडद्यावर का नव्हती? श्रेयनामावलीत संगीत-दिग्दर्शकाचे नाव येई, क्वचित ‘साहाय्यक’ म्हणून संयोजकाचे. वादक आणि समूहगायक बहुधा निनावी राहत. मोबदला पाळीच्या हिशेबाने मिळे आणि गाणे कितीही गाजले तरी पुढे काही मिळत नसे. चाल संगीतकाराची, हे खरेच. परंतु श्रोत्याच्या मनात राहतो तो चालीचा नुसता सांगाडा नव्हे. तिच्यासोबतचे व्हायोलिनचे वळण आणि मागून येणारा हुंकारही राहतो.

१५/
श्रेयाचा हा पेच मुंबईपुरता नव्हता. १९५६च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या हॉलिवूडपटाचे संपूर्ण पार्श्वसंगीत लुई आणि बेबी बॅरन या दांपत्याने विद्युतमंडलांतून निर्माण केले. पण नामावलीत त्याला ‘संगीत’ म्हणण्याचे टाळून ‘इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज’ असा शब्द घातला गेला. वादकांच्या संघटनेशी वाद नको, हे त्यामागचे कारण. तिकडे संघटना इतकी प्रबळ, की यंत्राला संगीतकार म्हणवून घेता येईना. इकडे वादक इतका दुर्बळ, की माणसालाही म्हणवून घेता येईना.

१६/
१९७०च्या दशकात मुंबईच्या स्टुडिओंत मूग सिंथेसायझर आला, तो केरसी लॉर्ड यांच्या हातून. वडील कावस लॉर्ड आणि भाऊ बुजी लॉर्ड यांच्यासह हे पारशी कुटुंबच तालवाद्यांचे घराणे होते. केरसींनी ‘हम दोनों’मध्ये ग्लॉकनश्पील वाजवले आणि ‘आराधना’मध्ये ॲकॉर्डियन. त्यांच्या हाती सिंथेसायझर हे वाद्यवृंदातील आणखी एक वाद्य होते. व्हायोलिने तशीच राहिली, समूह तसाच राहिला, आणि त्यांच्या मध्ये एक अनोळखी रंग आला. तिन्ही प्रवाह एका खोलीत वाहिले, तो हा थोडका काळ.

१७/
या काळाची एक खूण ‘सत्ते पे सत्ता’मध्ये (१९८२) सापडते. अमिताभ बच्चन यांच्या दुसऱ्या, खुनशी रूपाच्या प्रवेशाला जो गुरगुरणारा, अंगावर काटा आणणारा नाद ऐकू येतो, तो यंत्रातून आला असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो ॲनेट पिंटो या गायिकेच्या गळ्यातून आला. राहुल देव बर्मन यांनी त्यांच्याकडून पाण्याच्या गुळण्या स्वरात करवून घेतल्या होत्या. ‘नागिन’मध्ये यंत्राने फुंकवाद्याचे सोंग घेतले होते. येथे माणसाच्या गळ्याने यंत्राचे घेतले.

१८/
नंतर तंत्रच पालटले. १९८३ साली मिडी ही प्रणाली जगासमोर आली आणि संगणक वाद्यांना आज्ञा देऊ लागला. इळैयराजा यांच्या ‘पुन्नगै मन्नन’मध्ये (१९८६) संगणकाच्या साहाय्याने रचलेले संगीत वापरले गेले. त्यांच्या ताफ्यात की-बोर्ड वाजवलेल्या ए. आर. रहमान यांचा ‘रोजा’ १९९२ साली आला. बहुपथ ध्वनिमुद्रणामुळे आता शंभर जणांनी एका खोलीत, एका वेळी बसण्याची गरज उरली नाही. एक बासरीवादक दुपारी येई, समूह रात्री येई, आणि उरलेले यंत्र भरून काढी.

१९/
याचे मूल्यमापन एकेरी करता येत नाही. मुंबईतील मोठे वाद्यवृंद ओसरले. व्हायोलिनवर घर चालवणाऱ्या कित्येकांचे काम गेले. पॅरिश शाळेपासून तारदेवच्या फिल्म सेंटरपर्यंत चालत आलेली साखळी तुटली. परंतु रहमान यांच्याच ध्वनिफितींच्या वेष्टनांवर वादकांची नावे ठळकपणे छापली जाऊ लागली. ज्या व्यवस्थेने माणसे कमी केली, तिनेच उरलेल्यांना नावे दिली.

२०/
वाद्यवृंदाची तहान मात्र संपली नाही. ‘हे राम’साठी (२०००) इळैयराजा बुडापेस्टला गेले. ‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला आणि करमाळ्याच्या मातीतल्या प्रेमकथेला तो शोभून दिसला. २००६ साली मुंबईच्या एनसीपीएमध्ये ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन झाला, तेव्हा त्यातील बहुसंख्य वादक परदेशातून आणावे लागले. ज्या शहरात स्वर वाचणारी माणसे धोबीतलावच्या कूडांत दाटीवाटीने राहत होती, त्याच शहराची ही गोष्ट.

२१/
१९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभच्या तोंडी प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे नाव घातले. देशाने ते नाव विनोदी पात्राचे म्हणून डोक्यावर घेतले. ते नाव धारण करणारा खरा माणूस तेव्हा हयात होता आणि पुढे २०१२ पर्यंत होता. नाव सर्वांना पाठ आणि माणूस कोणालाच ठाऊक नाही, असे त्याचे नशीब. त्याच्या व्यवसायाचे वर्णन याहून नेमके करता येणार नाही.

२२/
पुढच्या वरातीत ती धून वाजेल. कोणी नाग होईल, कोणी गारुडी. त्या गर्दीत एखाद्याने शेजारच्याला एवढे जरी सांगितले, की ही बीन नव्हे, हे क्लॅव्हायोलिन, आणि ते कल्याणजींनी वाजवले होते, तरी एका निनावी नादाला त्याचे नाव परत मिळेल. मागे वाजणाऱ्या बाकीच्या व्हायोलिनांची नावे शोधण्याचे काम अजून बाकी आहे.

(समाप्त)