पाळक कुणाचा नोकर?

आमच्या धाराशिव जिल्ह्यात ख्रिस्ती माणूस शोधायचा तर दिवा घेऊन निघावं लागतं. आणि सापडला तरी तो कागदावर सापडत नाही. रविवारी तो प्रार्थनेला बसतो आणि सोमवारी तहसिलीत 'हिंदू मांग' किंवा 'हिंदू महार' म्हणून उभा राहतो. त्याला खोटारडा म्हणायची घाई करू नका. पोराची फी कुणी भरायची, ते आधी सांगा.

गेल्या साली शेजारच्या गावात एक म्हातारी वारली. आम्ही तिला मावशी म्हणायचो. मावशी मांगाची. तरुणपणीच बाप्तिस्मा घेतलेली. वाचता येत नव्हतं, पण पुस्तक उशाशी असायचं. मयत झाली तेव्हा भावकी म्हणाली, ती आमच्यातनं गेली, आता तिची माणसं बघतील. तिची माणसं म्हंजे कोण? गावात ख्रिस्ती घरं दोन. एक तिचं, एक लेकाचं. पाळकसाहेब एसटीनं दुपारी आले. जागा कुठली, माती कुठं द्यायची, हा प्रश्न निघाला तर म्हणाले, "दादा, मला वर विचारावं लागंल." शेवटी बौद्धवाड्यातली दोन पोरं पुढं झाली. लेक, पाळक आणि ही दोन पोरं, असे चार खांदे झाले. ओढ्याकाठी माती दिली.

मला त्या पाळकाचा राग नाही. गरीब माणूस. पण त्याचं वाक्य डोक्यातनं जाईना. वर विचारावं लागंल. वर म्हंजे कुठं? देवाला म्हणत असता तर गोष्ट वेगळी. त्याच्या मनात होता तो ऑफिसातला साहेब.

म्हणून हा इतिहास धुंडाळला. मंडळीचे सेवक कोण, ते कुणी नेमायचे, त्यांना भाकर कुणी घालायची? या सवालावर ख्रिस्ती लोकांतल्या एका पंथानं चारशे वर्षांपूर्वी भांडण मांडलं होतं. त्या पंथाचं नाव बाप्टिस्ट.

त्यांचं म्हणणं साधं होतं. तान्ह्या पोराच्या डोक्यावर पाणी शिंपडून ख्रिस्ती होत नाही. माणसानं जाणतेपणी, आपल्या तोंडानं कबूल करावं आणि मग पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यावा. म्हणजे जन्मानं कुणीच बाप्टिस्ट नाही. बापाचा धर्म पोराला आपोआप लागत नाही. आता हे आपल्या मुलखात ठेवून बघा. इथं सगळं जन्मानंच लागतं. जात, वतन, वाडा, पाणवठा, मसणवटा, सगळं. तिथं जन्म बाद करणारी गोष्ट म्हंजे किती मोठी! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी उभं राहून जी प्रतिज्ञा घेतली, तीही जाणत्या माणसांनी आपल्या तोंडानं घेतली होती. वाट वेगळी, पण जन्माचं जोखड झुगारायची रीत तीच.

दुसरं तत्त्व, मंडळीवर बिशप नाही. जमलेले सभासद हीच मंडळी. पाळक त्यांनी निवडायचा, नाही पटला तर त्यांनीच काढायचा. हिशेब बघायला, गरिबाला मदत द्यायला डीकन. या शब्दाचा मूळ अर्थच सेवक. तेही निवडूनच. तिसरं, राजाचा हुकूम जमिनीवर चालेल, माणसाच्या मनावर चालणार नाही. टॉमस हेल्विस नावाच्या इंग्रजानं १६१२ साली पुस्तक लिहून हे खुद्द राजा जेम्सला सुनावलं. राजानं त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं. तिथंच तो मेला.

ही माणसं बडी नव्हती. त्यांच्यातलाच विल्यम कॅरी हा इंग्लंडातला जोडे शिवणारा. पुढं तो मोठा पंडित झाला. तेव्हा कुणा गोऱ्या अधिकाऱ्यानं मेजवानीत त्याचा धंदा खवचटपणे काढला, तर तो म्हणाला की मी जोडे करणारा सुद्धा नव्हतो, नुसता फाटके सांधणारा होतो, असं सांगतात. चांभारवाड्यातल्या माणसाला या उत्तराची किंमत सांगायला नको.

कॅरी १७९३ साली बंगालात उतरला. १८०० च्या जानेवारीत मार्शमन आणि वॉर्ड यांच्याबरोबर त्यानं सेरामपूरला ठाणं केलं. हे बंगाली श्रीरामपूर, आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे. मराठीशी या माणसाचा संबंध जवळचा. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मदतीनं त्यानं १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, १८१० साली कोश काढला, १८११ साली मराठी नवा करार आणला. ज्या काळात पेशवाईत आपल्या बापजाद्यांच्या गळ्यात मडकं होतं, त्या काळात एक जोडे सांधणारा हजार कोसांवर बसून मराठी छापत होता.

सेरामपुरातला पहिला बाप्तिस्मा २८ डिसेंबर १८०० चा. कृष्ण पाल नावाचा सुतार, जातीनं शूद्र. त्याचा खांदा निखळला होता. मिशनातल्या डॉक्टर टॉमसनं तो बसवला, तिथनं ओळख झाली. १८०३ साली याच कृष्ण पालच्या लेकीचं लग्न एका ब्राह्मण ख्रिस्त्याशी लागलं. त्याच साली गोकुळ नावाचा मंडळीतला माणूस वारला. पेटीला पांढरी मलमल कृष्ण पालनं पदरच्या पैशानं लावली. पेटी उचलली कुणी? मार्शमन, कॅरीचा मुलगा फेलिक्स, भैरव नावाचा बाप्तिस्मा घेतलेला ब्राह्मण आणि पिरू नावाचा बाप्तिस्मा घेतलेला मुसलमान. रस्त्यावर लोक बघत उभे राहिले.

चार खांदे, चार जाती. मावशीच्या तिरडीला मी हात लावला तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं.

१८०५ च्या ऑक्टोबरात सेरामपूरच्या या माणसांनी आपापसात एक करारनामा केला. आपण कसं वागायचं याची कलमं. दर ठाण्यावर वर्षातनं तीनदा तो मोठ्यानं वाचायचा असं ठरलं. त्यात होतं की इथल्या लोकांना आपल्याजवळ यायला परकं वाटू नये, त्यांची भाषा शिकावी, स्वतःसाठी पैसा साठवू नये, सगळी कमाई एका गाठीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम हे की या देशात काम होईल ते या देशातल्या उपदेशकांकडनंच, आणि मंडळ्यांचे पाळक नि डीकन त्यांच्याच लोकांतनं निवडलेले असावेत.

कागद उत्तम होता. पण कागद आणि पगारपत्रक या दोन वेगळ्या चिजा आहेत.

आता आपल्याकडं येऊ. धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात. जिल्हा आधी नळदुर्गचा, १९०४ साली ठाणं धाराशिवला आलं. मग सातव्या निजामाच्या नावानं उस्मानाबाद झालं. २०२३ साली पुन्हा धाराशिव. याच निजामी राज्यात बाप्टिस्ट होते, पण तेलुगू अंगाला: सिकंदराबाद, हनमकोंडा, नलगोंडा, महबूबनगर. त्यांचं मूळ नेल्लोर-ओंगोलचं. तिथं येर्रागुंटला पेरिया नावाच्या मादिगानं १८६६ साली बाप्तिस्मा घेतला. मादिगा म्हंजे चामड्याचं काम करणारी, डफ वाजवणारी जात, आपल्या मांग-चांभारांच्या जवळची. वरच्या जातींनी क्लफसाहेबाला सांगितलं की या लोकांना घेऊ नका, मग आम्ही येऊ. साहेबानं मादिगांना घेतलं. वरचे गेले. पुढं मोठा दुष्काळ पडला. त्यात क्लफनं बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा ठेका घेऊन लोकांना काम दिलं. पण दुष्काळात भाकरीसाठी कुणी येऊ नये म्हणून त्या काळात बाप्तिस्मे थांबवले. दुष्काळ ओसरल्यावर ३ जुलै १८७८ या एका दिवसात गुंडलकम्मा नदीत २,२२२ माणसं पाण्यात उतरली. त्यांना तिथवर आणणारे गावोगाव फिरलेले मादिगा उपदेशक. इतिहासात मात्र साहेबाचा फोटो आहे.

मराठी अंगाला आली ती अमेरिकन मराठी मिशन. नगरला १८३१ पासून, सोलापूरला १८६० नंतर. हे लोक बाप्टिस्ट नव्हेत. पोरांना बाप्तिस्मा देत. पण कारभाराची रीत तीच, मंडळीनं पाळक निवडायचा. 'ज्ञानोदय' १८४२ साली यांनीच सुरू केला. फुल्यांच्या शाळेतली मांगाची पोर मुक्ताबाई, तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली छापला तो 'ज्ञानोदया'तच. आपल्या लेखणीचा तो पहिला हुंकार. हे ऋण नाकारायचं कारण नाही.

पण पाळक कोण झाले? १८५४ साली नगरला पहिल्या दोन देशी पाळकांना दीक्षा दिली. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक. दोघंही जन्मानं ब्राह्मण. समोर बसलेली मंडळी बहुतेक महार. दोघं माणसं म्हणून चांगलीच असतील, पण चित्र बघा. सतरंजीवर आम्ही, चौरंगावर ते. जालन्याकडं नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं. ते १८४३ साली ख्रिस्ती झालेले ब्राह्मण, त्यांच्याभोवती मांग. तेलुगू मुलखात माला आणि मादिगा यांच्या मंडळ्या पुष्कळ ठिकाणी वेगळ्याच राहिल्या. जन्म बाद करणाऱ्या धर्मात जन्म मागल्या दारानं आत आला आणि पहिल्या बाकावर बसला.

अमेरिकेतल्या बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ साली इकडं आले. त्यांचा आग्रह होता की देशी मंडळीनं आपला कारभार आपण करावा, खर्च आपण उचलावा, प्रचार आपण करावा. बरोबर बोलले. पण ज्याला गाव येसकरीच्या बदल्यात शिळी भाकर देतं, त्यानं पाळकाला पोसायचं कशातनं? म्हणून पगार मिशनकडनं. उपदेशकाचा, पंतोजीचा, बायबलबाईचा, सगळ्यांचा. या बायका ऊन-पावसात गावोगाव फिरल्या, वाड्यावाड्यांत अक्षर नेलं. त्यांची नावं अहवालात क्वचित येतात, आकडा येतो.

इथं मला वतन आठवतं. वतन म्हंजे काय? सगळ्या गावाची चाकरी आणि मोबदल्याला बलुतं. हुकूम दुसऱ्याचा, घाम आपला. १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला आले ते महार-मांग वतनदार परिषदेसाठी. महार आणि मांग एका मांडवात. वतनाची बेडी काय असते ते बाबासाहेबांनी जन्मभर सांगितलं. मिशनचा पगार बलुत्यापेक्षा बरा होता, इज्जतीचा होता. पण हुकूम वरनंच यायचा. ज्याची भाकर त्याची चाकरी, हा नियम देवळात शिरल्यावर बदलत नाही.

त्याआधी १ जानेवारी १९३८ ला बाबासाहेब सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढं बोलले होते. येवल्याची घोषणा होऊन दोनच वर्षं झाली होती, सगळे धर्म त्यांच्या दारात उभे होते. ते गोड बोलले नाहीत. बुद्ध आणि ख्रिस्त यांच्याविषयी आदर सांगितला, आणि तोंडावर हेही सांगितलं की तुम्ही ख्रिस्ती लोक सामाजिक अन्यायाविरुद्ध लढला नाहीत, राजकारणात मागं राहिलात. मिशनरी बाप्तिस्मा देऊन मोकळे होतात, माणसाच्या हक्काचं काय, ते बघत नाहीत.

बारा वर्षांनी ते शब्द कायद्यानं खरे केले. १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश: हिंदू नसेल तो अनुसूचित जातीत नाही. १९५६ साली शिखांना आत घेतलं, १९९० साली बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेर राहिले. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगानं ही धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला. आयोगावर आयोग. आणि मावशीचा नातू कागदावर हिंदू.

याचा फटका थेट मंडळीला बसतो. बाप्टिस्ट रीतीत सभासदांची वही हा जीव. वहीत नाव, मग मत, मग निवड. नाव लिहायलाच माणूस भितो तर मत कोण देणार? मत नाही तर पाळक निवडणार कोण? मग तो वरनंच येणार आणि वरच विचारणार. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, त्यात बाप्टिस्टही आले, नगर-सोलापूरची जुनी मंडळीही आली. पोराचा बाप्तिस्मा आणि जाणत्याचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य केले. एकी झाली, चांगलं झालं. पण बिशप आले. वहीतल्या माणसापासनं खुर्ची आणखी एक पायरी लांब गेली.

मी ख्रिस्ती नाही. त्यांच्या देवाशी माझं देणंघेणं नाही. पण १८०५ च्या त्या करारनाम्यातलं एक कलम आमचंही आहे: आपली माणसं आपल्यातनं निवडा. हे फक्त मंडळीला लागू नाही. आपल्या विहारांच्या समित्या, आपल्या शिक्षणसंस्था, आपले पक्ष, तिथल्या सेवकांना विचारा, भाऊ, तुम्हाला कुणी निवडलं? बघा किती जण 'वर' बोट दाखवतात ते.

त्या दिवशी ओढ्याकाठी माती देऊन झाल्यावर पाळकसाहेब माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "त्या दोन पोरांची नावं सांगा दादा, वहीत लिहितो. मयतीला कोण कोण होतं ते लिहायची रीत आहे."

मी नावं सांगितली. त्यांनी लिहिली. त्या वेळी त्यांनी वर विचारलं नाही.