गेंशुव्का छळछावणीची मुक्तता

गेंशुव्का छळछावणीची मुक्तता ही दुसऱ्या महायुद्धातील घटना ५ ऑगस्ट १९४४ रोजी पोलंडची राजधानी वॉर्सा येथे घडली. वॉर्सा उठावाच्या पाचव्या दिवशी 'आर्मिया क्रायोवा' या पोलिश भूमिगत सेनेच्या 'झोश्का' बटालियनने या नाझी छावणीवर हल्ला करून ३४८ ज्यू कैद्यांची सुटका केली. त्यांत २४ स्त्रिया होत्या.

पार्श्वभूमी

१९४३ च्या एप्रिल-मे महिन्यांत वॉर्सा घेट्टोतील ज्यूंचा उठाव चिरडल्यानंतर जर्मनांनी ती वस्ती जमीनदोस्त केली. त्याच जागी जुलै १९४३ मध्ये छावणी सुरू झाली. गेंशा रस्त्यावरील तुरुंगावरून तिला 'गेंशुव्का' हे नाव पडले. येथील बहुतेक ज्यू कैदी आउश्वित्झ छावणीतून आणलेले होते. स्थानिक लोकांशी त्यांचा संपर्क होऊ नये म्हणून ग्रीससारख्या परदेशांतील, पोलिश भाषा न जाणणाऱ्या कैद्यांची मुख्यतः निवड केली जाई. पडक्या इमारती पाडून विटा व धातू गोळा करण्याचे काम त्यांच्याकडून करून घेतले जाई.

सोव्हिएत फौजा जवळ येताच जुलै १९४४ च्या अखेरीस सुमारे ४,००० कैद्यांना डाखाउ छावणीकडे हलवण्यात आले. चालू न शकणाऱ्या आजारी कैद्यांना ठार मारण्यात आले. छावणी मोडण्याच्या कामासाठी काही शे कैदी मागे ठेवले गेले.

हल्ला

'झोश्का' बटालियनमध्ये प्रामुख्याने स्काउट चळवळीतील तरुण होते. रिशार्द ब्यावोउस हे तिचे प्रमुख होते. बंडखोरांनी उठावाच्या सुरुवातीलाच जर्मनांचे दोन पँथर रणगाडे काबीज केले होते. वात्सवाफ मित्सुता यांच्या नेतृत्वाखालील 'माग्दा' या रणगाड्याने छावणीच्या प्रवेशद्वारापुढील अडथळा मोडला आणि टेहळणी मनोऱ्यांवर तोफांचा मारा केला. पाठोपाठ पायदळ आत शिरले. पहारेकरी जवळच्या पाव्याक तुरुंगाकडे पळाले.

परिणाम

मुक्त झालेल्यांपैकी अनेकजण उठावात सामील झाले. काहींनी शस्त्र हाती घेतले, तर इतरांनी जखमींना वाहून नेणे, रणगाड्यांची दुरुस्ती अशी कामे केली. त्यांतील बरेचजण पुढील लढाईत मारले गेले. २ ऑक्टोबर १९४४ रोजी उठाव शरणागतीने संपला.

स्मारक

गेंशा रस्त्याला आता घेट्टोतील उठावाचे नेते मोर्देखाय आनिएलेविच यांचे नाव आहे. तेथे १९९४ मध्ये या मुक्ततेचा स्मृतिफलक बसवण्यात आला.